भैय्याजींचा हात

खापरखेडा, ८ जानेवारी

बाबा,

जय भीम. तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायचं होतं, पण पेन तिथं अडून बसलं. तेवढं माफ समजा, किंवा नका समजू.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज केला तर वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या येतात. पण कागद तुमच्याने फेकवत नाही हे मला माहीत आहे. भजी बांधून आलेला पेपरसुद्धा तुम्ही तेल पुसून दोन्ही बाजूंनी वाचता. म्हणून पत्र लिहिते. राखेच्या टँकरचा एक ड्रायव्हर वाडीला आपल्या शेडकडे चालला आहे, त्याच्याजवळ देईन. तुमच्याच हातात द्यायचं, जितेंद्रच्या नाही, असं त्याला बजावलं आहे. जितेंद्र तुमचा मोठा मिस्त्री असेल, पण घरची पत्रंही त्यानेच उघडावीत असं काही नाही.

मी बरी आहे. वीज केंद्राच्या कॉलनीबाहेर, यमुताईंच्या चहाच्या टपरीला लागून पत्र्याचं शेड घेतलं आहे. राखेचे टँकर दिवसभर इथूनच जातात. राख कुठंही शिरते, चाकाच्या सीलमध्येही शिरते, त्यामुळे कामाला तोटा नाही. गाडीवाले येतात, शेडमध्ये डोकावतात आणि विचारतात, "मिस्त्री कुठं गेला?" सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. आता मी गाडीखालूनच ओरडते, "इथं आहे, चहा घेऊन या तोवर." ते चहाला जातात आणि बाकीचं यमुताई त्यांना सांगतात. यमुताई माझ्यापेक्षा तिखट आहेत, तेव्हा काळजी नसावी. आईला सांगा की मी दोन्ही वेळा जेवते.

आता मुद्द्याचं. वाडीत तुम्ही लोकांना जे सांगता ते मला इथं बसून ऐकू येतं. ट्रकवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही सांगता की वामनरावांच्या संत्र्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक पोरीनं बांधलं, सील बदललं, बेअरिंग बसवलं. गाडी काटोलला गेली, माल भरून नागपूरकडे निघाली आणि कळमेश्वरच्या अलीकडे ते चाकच निघून गेलं. गाडी शेतात उलटली आणि प्रीतम ड्रायव्हरचा पाय मोडला. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त मधलं एक वाक्य तुम्ही गाळता. कोणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी ते इथं लिहीत नाही. ते तुमचं आहे, तुमच्याच तोंडून यावं.

त्या चाकाचं हब तुमच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलं आहे. माझं मागणं एवढंच आहे की पोतं काढा. वामनरावांना बोलवा, प्रीतमला बोलवा आणि सगळ्यांसमोर ते हब उघडा. आत माझी चूक निघाली तर मी पाने-पकडी ठेवून देईन, पुन्हा कुठल्याही ट्रकला हात लावणार नाही. हे रागात लिहिलेलं नाही. रागात आहे, पण विचार करून लिहिलं आहे.

तोवर मी खापरखेड्याची.

दामिनी


खापरखेडा, ३० जानेवारी

बाबा,

उत्तर मिळालं. आई फोनवर बोलत होती आणि मागून तुम्ही तिला सांगत होतात, ते सगळं मला ऐकू येत होतं. "तिले सांग, जळेल लोखंडात काय पाहाचं असते? अन् घड्याळ लावून चाक बांधणाऱ्या पोट्टीनं मले शिकवू नाई." आईने मला सांगितलं, "बाबा म्हणतात, थंडीची काळजी घे." बिचारीने मनानेच निरोप बदलला.

घड्याळ म्हणजे माझा डायल. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून नाक मुरडलंत. पण ते घड्याळ वेळ दाखवत नाही, चाक किती हलतं ते दाखवतं. बेअरिंगला केसभर मोकळीक लागते, हे तुम्हीच मला शिकवलंत. फार मोकळं राहिलं तर चाक डुगडुगतं आणि सील फाटतं. फार आवळलं तर बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून वाहून जातं आणि लोखंड लोखंडाला चिकटतं. केसभर म्हणजे किती, एवढंच ते घड्याळ सांगतं. बाकी सगळं मी तुमचंच करते. काल एका टँकरचं चाक काढलं तर सीलचा रबरी ओठ राखेने खरवडून गेलेला, ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरलेलं. मी बेअरिंगची एकेक गोळी पुसून पाहिली. नवं सील हातोडीने ठोकून न बसवता कडेने सारखं दाबत बसवलं, ओठाला आधी ग्रीस लावलं. चाक फिरवत फिरवत नट आवळला, मागे घेतला, पुन्हा हलका आणला. तुम्ही उभे असतात तर काहीच बोलला नसतात. तुमच्याकडून याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नाही आणि मला ती पुरायची.

आता तुमच्या हाताविषयी लिहिते. हे तुम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही, म्हणून नीट बसून वाचा.

वाडीत आपल्या शेडमध्ये कुणीही चाक बांधलं तरी शेवट तुमचा असतो. नट बसवला की मिस्त्री बाजूला होतो आणि हाक मारतो, "भैय्याजी, हात!" तुम्ही कप खाली ठेवून येता, पान्यावर पाइप चढवता आणि एक ओढ देता. एकच. मग वॉशर आणि चेकनट चढतो, नट फिरू नये म्हणून वॉशरची पट्टी वाकवतात, टोपण बसतं. भैय्याजींचा हात लागल्याशिवाय ड्रायव्हर लोक गाडीत चढत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, तुमच्या दंडात नक्की काहीतरी आहे. शाळेत मी हे सांगायचे आणि पोरी हसायच्या, तरी सांगायचे.

मग मी कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात जितेंद्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भैय्याजीच्या हाताले जागा ठेवजो वं." मला कळलं नाही. त्याने दाखवलं. नट जिथं असायला हवा त्याच्या थोडा अलीकडेच सोडायचा. तुमची ओढ पडली की तो बरोबर जागेवर येतो. शेडमधले सगळे तसंच करतात, बाबा. जे काम सोडून गेले तेही तसंच करायचे. तुमच्या एका ओढीने कितीतरी गाड्या नीट चालल्या, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी तुमच्यासाठी काम मुद्दाम अर्धवट ठेवलं होतं.

तुम्हाला हे माहीत नव्हतं याची मला खात्री आहे. माहीत असतं तर तुम्ही एकेकाला पाइप घेऊन मारलं असतं.

मीही ठेवायचे जागा. मग माझ्याने ते होईना. जिथं बरोबर आहे तिथं बरोबर, मी मागे का घेऊ? त्यावरून आपली जी रोजची कटकट सुरू झाली ती तुम्हाला वाटतं तशी घड्याळावरून नव्हती.

पोतं काढा.

दामिनी


खापरखेडा, १६ फेब्रुवारी

बाबा,

आज गोपिका आली होती. प्रीतमची बायको. काटोलहून दोन बस बदलून आली.

मी टँकरचं चाक उतरवत होते. ती शेडच्या तोंडाशी उभी राहिली आणि गाडीवाल्यांसमोरच म्हणाली, "दामिनी तूच का वं?"

मी हो म्हणाले.

"मी भांडाले नाई आली. मले फक्त पाहाचं होतं, तुले झोप येते का नाई."

यमुताईंनी चहा आणला. तिने घेतला नाही. म्हणाली, "तो अजून कुबड्यावर हाय. रस्त्यावरून ट्रक गेला का घामानं भिजते. मले म्हणते, गाडीवर नाई चढणार आता. त्याले दुसरं काही येत नाई वं, बाई. अन् तू इथं नवं दुकान लावून बसली! काहून केलं तू असं?"

बाबा, तेव्हाही मी आधी गप्पच होते. सवय झाली आहे. मग तिच्या चपलांकडे लक्ष गेलं. अख्ख्या रस्त्याची धूळ त्यांच्यावर बसली होती, बस सोडल्यापासून ती चालतच आली होती. आणि मला वाटलं, ही बाई एवढ्या लांबून मला विचारायला आली आणि मी बापाची अब्रू कवटाळून बसले आहे. मी म्हणाले, "मी नाही केलं." इतके दिवस हे मी मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

"मंग कोणं केलं?"

"रविवारी वाडीला ये. प्रीतमला घेऊन ये. मी सांगितलं तर तुला ते खोटं वाटेल. तिथं डोळ्यांनी बघ."

तिने पिशवी उचलली. मग यमुताईंकडून पाणी मागून घेतलं आणि गेली.

तर आता ते गाळलेलं वाक्य मीच लिहिते, कारण तुम्ही काही लिहिणार नाही. त्या दिवशी मी वामनरावांचं चाक पूर्ण बांधलं. हाताला जागा ठेवली नाही. नवा वॉशर घातला, त्याची एक पट्टी वाकवली, टोपण लावलं आणि तुम्हाला हाक मारली नाही. जितेंद्रला स्पष्ट सांगितलं की हे चाक झालं आहे, याला कुणी हात लावायचा नाही. मग दुसऱ्या गाडीचं सामान आणायला नागपूरला महालच्या बाजारात गेले. परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ते हब टेम्पोतून आलं तेव्हा टोपण उडालेलं होतं. अॅक्सलचं तुटलेलं टोक आतच अडकलं होतं आणि त्यावर नट, वॉशर, चेकनट जसेच्या तसे होते. मी वाकून पाहिलं. वॉशरच्या दोन पट्ट्या वाकवलेल्या होत्या, त्यातली एक पुन्हा सरळ केलेली. आपण दरवेळी नवा वॉशर घालतो आणि एकच पट्टी वाकवतो. म्हणजे माझ्यानंतर ते चाक कुणीतरी उघडलं होतं. मी वर बघेपर्यंत तुम्ही त्यावर पोतं टाकलंत.

मग वामनराव ओरडत आले. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हातचं काम होतं. चूक झाली." मी तुमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. तुम्ही चष्मा पुसत बसलात. खूप वेळ पुसलात. मी तुमच्यासाठी तोंड मिटलं आणि अख्ख्या वाडीने ती माझी कबुली समजली.

मी बांधलेल्या चाकाला तुम्ही हात लावलात. हे ते वाक्य.

रविवारी सकाळी येते. हब हलवू नका.

दामिनी


खापरखेडा, १९ फेब्रुवारी

बाबा,

आई रडत होती फोनवर. म्हणाली, "तुह्या बापाले दोन घास जाऊन नाई राह्यले, तू येऊ नको." मी येणार आहे. आईला तसंच सांगितलं आणि फोन ठेवून मीही जेवले नाही, हेही तुम्हाला कळू द्या. वाटतं तेवढी मी दगड नाही.

पण कालची गोष्ट ऐका. एक ट्रेलर आला. ड्रायव्हर म्हणाला, चाकातून जळकट वास येतो. मी हबाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला, बोटाला फोड आला. कुठं बांधलं, तर वाडीला, भैय्याजींकडे. कुणी बांधलं, तर तुमच्याकडे नव्याने लागलेल्या मिस्त्रीने. त्या बिचाऱ्याला जागा ठेवायचं जितेंद्रने बहुतेक अजून सांगितलेलं नाही. त्याने नीट बांधलं आणि तुम्ही येऊन ओढ दिलीत. मी नट सोडवायला गेले तर नुसत्या पान्याने हलेना.

या ड्रायव्हरची कळमेश्वरसारखी गत झाली नाही, कारण त्याला वास आला. प्रीतमला सर्दी झाली होती, हे मला गोपिकाने सांगितलं. एवढाच फरक.

तेव्हा तुमचा मान, माझा मान हे सगळं बाजूला राहू द्या. नीट काम करणारा प्रत्येक माणूस आज तुमच्या शेडमध्ये धोक्याचा झाला आहे. मी येते ती हे थांबवायला येते. तुम्हाला मी रागावून येते असं समजायचं असेल तर तसं समजा, तेही खोटं नाही.

दामिनी


खापरखेडा, २५ फेब्रुवारी

बाबा,

रविवारी तुम्ही तिथंच होतात, तरी लिहिते. कारण तुम्ही आईला सांगितलंत की पोरीने चारचौघांत बापाची इज्जत काढली, आणि आईने मला तेच ऐकवलं. तर काय झालं ते एकदा कागदावर असू द्या. हे पत्र आईला वाचून दाखवा. गाळू नका.

मी आले तेव्हा वामनराव आलेले होते. प्रीतम कुबड्या घेऊन टायरच्या ढिगावर बसला होता, गोपिका त्याच्याजवळ उभी होती. तुम्ही खुर्चीवर. मी पुढे गेले नाही. उघडताना पोरीनेच काही केलं असं मागाहून कुणी बोलू नये म्हणून म्हणाले, "जितेंद्रने उघडावं." जितेंद्रने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत. तुम्ही नाही म्हणाला असतात तर त्याने पोत्याला हात लावला नसता, हे मला माहीत आहे. म्हणजे होकार तुमचा होता. हे आधी आईला वाचून दाखवा.

पोतं निघालं. बेअरिंग निळं पडलेलं, गोळ्या एकमेकींत वितळून बसलेल्या. सगळ्यांनी पाहिलं. मग जितेंद्रने छिन्नीने चेकनट सोडवला, वॉशर पुसला आणि हातात धरून नुसता उभा राहिला.

वामनराव म्हणाले, "काय हाय गा? सांग ना."

"दोन पट्ट्या वाकल्या हायेत," जितेंद्र म्हणाला. "एक पोरीनं वाकवली. मंग उघडलं, अन् दुसरी वाकवली."

"कोणं उघडलं?"

जितेंद्र वॉशर पुन्हा पुसायला लागला. पाइप त्यानेच आणून दिला असणार. मला तेव्हा वाटलं, आता पुन्हा चष्मा निघेल. पण तुम्ही उठलात आणि म्हणालात, "मी उघडलं. मी सगळ्याच गाड्याले हात लावतो. याले नाई लावला तर लोक काय म्हणतीन?"

मग तुम्ही जितेंद्रकडे वळलात. तुम्ही विचारलंत, "पोरीनं पत्रात लिहिलं, तुम्ही माह्या हाताले जागा ठेवता म्हणून. खरं हाय का गा?"

जितेंद्र म्हणाला, "हाव भैय्याजी. सगळेच ठेवतात."

"कवापासून?"

"मी आलो तवापासून. मले आधीच्या मिस्त्र्यानं सांगतलं होतं."

तेवढ्यात गोपिका म्हणाली, "म्हणजे पोरीनं बरोबर बांधलं म्हून माह्या नवऱ्याचा पाय मोडला?" ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तुम्ही कुणाकडेच न बघता घरात गेलात.

हे असं झालं. तुमचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की बसमध्ये मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. पण वाईट वाटणार हे आधी कळलं असतं तरी मी आले असते. तुमची इज्जत मी काढली नाही. ती त्या शेडमध्ये सगळ्यांनी मिळून तुमच्यापासून लपवून सांभाळली होती, आणि ती सांभाळायला एका माणसाचा पाय मोडला.

वामनराव जाताना मला म्हणाले, "पोरी, मी लय बोललो तुले." मी म्हणाले, ठीक आहे. माझं झालं. पण प्रीतम अजून टायरच्या ढिगावर बसून होता आणि त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. तुम्ही घरात जाताना त्याच्या कुबडीला वळसा घालून गेलात, बाबा. मला माफी नको. मला तुमच्याकडून आता काहीच नको. त्याच्याकडे जा.

आणि पाइप कुठंतरी टाकून द्या.

दामिनी


खापरखेडा, ११ एप्रिल

बाबा,

काल प्रीतम आला. वामनरावांची तीच गाडी घेऊन आला, स्वतः चालवत. जरा लंगडतो. खाली उतरला आणि म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकातून ग्रीस येऊन राह्यलं." बाहेर दुरुस्त करून आणली होती गाडी, सील तिरकं ठोकलेलं दिसत होतं. मी विचारलं, "वाडीला नाही गेलास?" तर म्हणाला, "भैय्याजीनंच इकडं धाडलं."

मग त्याने सांगितलं. तुम्ही काटोलला गेला होतात. बसने गेलात, एकटे. दारातच उभे राहिलात, बस म्हटलं तरी बसला नाहीत. गोपिकाने पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुह्या पायाले मी जबाबदार हाय. पोरीचं काम चोख होतं. मी तिच्यावर ढकललं." आणि त्याच्यासमोरच वामनरावांना फोन लावून पुन्हा तेच म्हणालात. प्रीतम मला म्हणाला, "म्हाताऱ्याचा आवाज नाई हालला." तुमच्या भेटीनंतरच तो पुन्हा गाडीवर चढला म्हणे. का, ते त्याला सांगता येईना. मीही फार विचारलं नाही.

मी चाक उतरवलं. तो जवळ डबा उलटा घालून बसला आणि प्रत्येक गोष्ट बघत राहिला. सील बसवताना बघत होता, बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना बघत होता. डायल लावला तेव्हा त्यानेही वाकून काटा पाहिला. मी पट्टी वाकवली, टोपण लावलं, हात पुसले. तरी तो गाडीत चढेना. दाराचा दांडा धरून उभा.

"आता काय?" मी विचारलं.

"आता कोणाचा हात?"

सवयीने विचारलं हो त्याने. इतकं सगळं होऊनही. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हणाले, "कुणाचा नाही. झालं आहे ते."

तो तसाच उभा राहिला. चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दुखऱ्या पायावर भार देऊन वर चढला आणि गाडी सुरू केली. कॉलनीच्या वळणापर्यंत मला दिसत होता, एकदाही ब्रेक मारून थांबला नाही. मी शेडच्या दारात उभं राहून मोठ्याने रडले. यमुताईंनी पाहिलं आणि न मागता चहा आणून ठेवला. संध्याकाळी त्याचा फोन आला, पोहोचलो, हब थंड हाय.

आता तुमचा निरोप. आईने या वेळी मनाने काही बदललं नाही, तुम्ही म्हणालात तसंच सांगितलं. "तिले सांग, परत ये. शेड तिचं. आता शेवटचा हात तिचा."

नाही येणार, बाबा.

मला राग आहे म्हणून नाही. राग होता तो काटोलच्या दारात तुम्ही उभे राहिलात तिथं बराचसा गेला. तुमच्यासारखं मिस्त्री व्हावं एवढंच मला लहानपणापासून वाटत होतं आणि अजूनही वाटतं. पण तुम्ही मला देता ते चुकीचं देता. उद्या माझा हात शेवटचा झाला की परवापासून तुमचे मिस्त्री माझ्या हाताला जागा ठेवायला लागतील. जितेंद्र तर उद्याच ठेवेल. मला तो मान नको आहे. ज्याने चाक बांधलं त्याने ते पूर्ण बांधावं, आणि त्याच्यावर विश्वास नसेल तर त्याला बांधायला देऊ नये. हे शेडमध्ये तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील, माझं नाही.

मी इथंच राहणार. शेडवर माझ्या नावाची पाटी लावली आहे. लावताना खाली जमलेल्या गाडीवाल्यांनी मला दहा सूचना केल्या आणि मी एकही ऐकली नाही.

मी कसं काम करते ते बघायचं असेल तर या. यमुताईंचा चहा बरा असतो. आईलाही आणा. मी बहुतेक गाडीखाली असेन, तेव्हा हाक मारा, मी लगेच बाहेर येईन. खुर्ची टाकून बसा, हवं तेवढं बोला, चुका काढा, मी ऐकून घेईन. फक्त हात खिशात ठेवून या.

तुमचीच,
दामिनी मिस्त्री